धीराची शिदोरी कोणी बांधायची?

४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनाच्या निमित्ताने, सोलापुरातल्या एका सभागृहात कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा सत्कार होता. सत्कारमूर्तींमध्ये माझा थोरला भाऊ होता. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारा, आहे. चार वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याला रक्ताचा कॅन्सर झाला, अक्यूट ल्युकेमिया, आणि तो त्यातून उठला. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, “ज्याचं मन खंबीर, त्याच्यापुढे कॅन्सर टिकत नाही. हे बघा, तुमच्यासमोर बसलेत.” टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. विड्या वळून घर चालवतात, घरात तेलुगू बोलतात. त्यांच्या नवऱ्याला हाच आजार निघाला तेव्हा मुंबईला कसं जायचं, कुठे उतरायचं हे विचारायला ती दोघं आमच्याकडे आली होती, तेव्हापासूनची ओळख. गेल्या पावसाळ्यात तो गेला. टाळ्या थांबल्यावर त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे आमचे मालक खंबीर नव्हते म्हणा की.” मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

सत्कारानंतर चहाच्या वेळी एका तरुण डॉक्टरबाईंनी सुचवलं, की रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण जिथे तपासणीला येतात तिथे त्यांच्या मनाकडे बघणारं एक शिकलेलं माणूस नेमायला हवं. त्यावरून वाद पेटला आणि पुढे कितीतरी दिवस ओळखीच्यांत तो चालूच राहिला. एक म्हणाले, इथे औषधाला पैसे पुरत नाहीत, मनाचे लाड कुठून करणार? दुसरे म्हणाले, आपल्याकडे घर आहे, भावकी आहे, ग्रामदैवत सिद्धरामेश्वर आहेत, समुपदेशक हे पुण्या-मुंबईचं खूळ. तिसऱ्यांचं मत उलट टोकाचं: हे सगळेच रुग्ण डिप्रेशनमध्ये असतात, सरसकट मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. पाहुण्यांचं ‘खंबीर मन’ तर होतंच. वरवर ही चार मतं वेगळी दिसतात, पण चौघेही एक गोष्ट न तपासता धरून चालले आहेत: धीर माणसाच्या आत असतो, कोणात जास्त, कोणात कमी, ज्याच्यात कमी, त्याला देवाने, घराने नाहीतर डॉक्टरने दुरुस्त करायचं. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मनाला जी जखम होते ती आजार आणि उपचार मिळून करतात, माणसाचा स्वभाव करत नाही. आणि धीर ही शिदोरी आहे. खरी माहिती, शेजारी बसणारं माणूस, रात्री उतरायला जागा, पुढच्या खेपेचे गाडीभाड्याचे पैसे, आपल्या भाषेत बोलणारं कोणी, अशा जिनसांनी ती भरते. रुग्णाने ती घरून आणावी अशी अपेक्षा आपण धरतो. ती आपण बांधून द्यायची असते.

हा आजार इतर कॅन्सरहून कुठे वेगळा पडतो हे आधी बघायला हवं, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाठ असते. गाठ दिसते, हाताला लागते, सर्जन ती काढतो आणि मग ‘काढून टाकली’ असं म्हणता येतं. रक्तातून काय काढणार? अक्यूट ल्युकेमियात हाडांतल्या मगजात, म्हणजे रक्त जिथे तयार होतं तिथेच, अर्धवट वाढलेल्या पेशींची गर्दी होते. विचार करायला सवडही मिळत नाही. आठ-दहा दिवसांचा ताप, हिरड्यांतून रक्त, साधी रक्ततपासणी, आणि बघता बघता माणूस परक्या शहरातल्या वॉर्डात केमो घेत असतो. अण्णाचं निदान एका लॅबच्या काउंटरवर झालं. कागद पुढे सरकवत तिथला मुलगा म्हणाला, “लगेच मोठ्या डॉक्टरला दाखवा, ह्यात ब्लास्ट दाखवायलंय.” ब्लास्ट म्हणजे त्या कोवळ्या पेशी. अण्णाला डाइंगमधला बॉयलर आठवला. आपल्या अंगात काहीतरी फुटणार आहे, अशा समजुतीत त्याने तीन दिवस काढले. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये रात्रभर तो छातीवर हात दाबून बसला होता, जसं काही आतलं झाकण धरून ठेवलंय. चौथ्या दिवशी मुंबईत एका शिकाऊ डॉक्टरने पाठकोऱ्या कागदावर गोल काढून दाखवले, हे चांगले, हे कच्चे, कच्च्यांची गर्दी झालीय म्हणून चांगल्यांना जागा नाही. तेव्हा त्याचा हात छातीवरून खाली आला. तो कागद अजून त्याच्या पाकिटात आहे. तीन दिवस अण्णा भित्रा होता आणि चौथ्या दिवशी शूर झाला, असं कोणी म्हणेल का? पहिल्या दिवशी मिळायला हवी होती ती दोन वाक्यं त्याला चौथ्या दिवशी मिळाली, एवढंच घडलं होतं.

जखम निदानापाशी संपत नाही. कमरेच्या हाडात सुई घालून मगज ओढतात तेव्हा वरची जागा बधिर केलेली असते, पण ओढतानाची कळ बधिर होत नाही, आणि ही तपासणी एकदा करून भागत नाही. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की साधा ताप जीवावर बेतू शकतो. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे साठवता येत नाहीत, त्यामुळे बाहेर नातेवाईक दात्यांसाठी फोन करत धावत असतात आणि खाटेवर पडलेल्याला ते धावणं कळत असतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस एके सकाळी नसतो. आज अण्णाचे रिपोर्ट उत्तम आहेत. औषधं बंद होऊन दीड वर्ष झालं. तरी रोज पहाटे तो मोरीतला दिवा लावतो, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतो आणि नडग्या बघतो. पहिले लाल ठिपके तिथेच आले होते, मोहरीएवढे, बोटाने दाबले तरी न जाणारे. आधी डावी नडगी, मग उजवी, मग एखादा जुनाच तीळ दाबून बघणं. डास चावल्याचा डाग जरी दिसला तरी तो दिवस गेला. कामावर जातो, मागाशी उभा राहतो, बोलतो, पण डबा तसाच परत येतो. वहिनीने वैतागून एकदा मोरीतला दिवाच काढून टाकला, तर तो मोबाइलच्या उजेडात बघायला लागला. या माणसाला त्या दिवशी ‘कॅन्सरवर मात करणारा योद्धा’ म्हणून टॉवेल-टोपी दिली. त्याने ती मान खाली घालून घेतली. नडग्यांची गोष्ट त्या व्यासपीठावर सांगायला जागाच नव्हती.

सोलापूरच्या माणसाला हे वागणं समजायला अवघड जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. धक्का आपल्यालाही बसला, जखमी माणसं आपल्या दवाखान्यांत आली. त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. रस्त्याने ट्रक गेला तरी माणसं वर बघायची, पंखा हलतोय का ते. तेव्हा कोणी कोणाला म्हणालं का, की मन खंबीर ठेवा? भीतीला कारण होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. पुढे त्या गावांत मानसोपचारतज्ज्ञही गेले, वाचलेल्यांच्या मनाचा अभ्यास झाला. पण कारण डोळ्यांना दिसलं नाही की आपण माणसातच खोट काढतो, आणि ही खोड फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने भित्रेपणा, पळून जाणं अशा आरोपांवरून आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. तोफांच्या भडिमाराने मन मोडलेलेही त्यांत होते. १९१५ मध्येच चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला होता. तरी त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं. नव्वद वर्षं ती घरं ‘भित्र्याचं घर’ म्हणून जगली. तोफेचा आणि भूकंपाचा धोका निदान बाहेरचा असतो आणि होऊन गेलेला असतो. रक्ताच्या कॅन्सरचा धोका स्वतःच्या हाडांत असतो, आणि तो मागे पडला की पुढे उभा आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. किल्लारीच्या माणसाला निदान नवं गाव मिळालं. अण्णा आपल्या हाडांतून उठून कुठे जाणार?

आता विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा. प्रत्येक भीतीला आजाराचं नाव देऊ नका, असं काही जाणते डॉक्टर म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. मरणाची बातमी ऐकून माणूस रडला तर त्यात बिघडलेलं काही नाही. तज्ज्ञांतही यावर एकमत नाही. आघातानंतरच्या मानसिक आजाराचं, म्हणजे पीटीएसडीचं, निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९८० मध्ये आलं. जीवघेण्या आजाराचं निदान हाही आघात ठरू शकतो, हे १९९४ च्या आवृत्तीत मान्य झालं. २०१३ मध्ये व्याख्या पुन्हा आवळली: नुसता गंभीर आजार पुरेसा नाही, अचानक कोसळलेला भयंकर वैद्यकीय प्रसंग हवा. ठीक आहे. पण यातून ‘काहीच करू नका’ कसं निघतं? टोरंटोमध्ये अक्यूट ल्युकेमियाच्या नव्या रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात साधारण एक तृतीयांश लोकांत तीव्र आघाताची लक्षणं आढळली, काहींत पूर्ण, काहींत अर्धीमुर्धी. म्हणजे दोन तृतीयांशांत नव्हती. सरसकट सगळ्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडा म्हणणारे इथे चुकतात आणि सगळे धडधाकट आहेत म्हणणारेही. तिघांतला तो एक कोण, हे तोंडाकडे बघून कळत नाही, विचारावं लागतं.

शिवाय मनात जे दिसतं ते सगळं मनातून आलेलं नसतं. अण्णाच्या प्रकारच्या ल्युकेमियात आणि मायलोमात, म्हणजे मगजातल्याच दुसऱ्या एका कॅन्सरमध्ये, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडं मोठ्या मात्रेत देतात. त्यांनी झोप उडते, माणूस चिडतो, क्वचित भासही होतात. अण्णाने एकदा वहिनीच्या दिशेने भरलं ताट फेकलं. तो माणूस, ज्याने लग्नाच्या पंधरा वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता. घरात सगळे म्हणाले, आजाराने स्वभाव बिघडला. वहिनीला वाटलं, आपलंच काही चुकतंय. गोळीने असं होऊ शकतं, हे सांगायला अर्धा मिनिट लागतं. ते तिला सहा महिन्यांनी, दुसऱ्या एका रुग्णाच्या बायकोकडून कळलं.

‘खंबीर मन’वाल्यांचंही एक म्हणणं मी मान्य करतो: आशा लागते. तिच्यावाचून माणूस पुढच्या केमोला जाणारच नाही. पण आशा वेगळी आणि ‘मनाने कॅन्सर हरतो’ हा दावा वेगळा, आणि तो दावा तपासून झालेला आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. गटात बसून मन मोकळं करणाऱ्या बायका जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. २००१ मध्ये कॅनडात त्याहून मोठ्या संख्येवर तोच प्रयोग पुन्हा झाला; आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्या नव्या प्रयोगातही वाढलं नाही. पण कॅनडाच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी सत्काराच्या भाषणात कधी ऐकायला मिळत नाही: त्या बायकांचं दुःख हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या. मनाला आधार दिला म्हणून कॅन्सर मरत नाही, माणसाचे हाल कमी होतात. हे काय थोडं झालं? सांधेदुखीची गोळी आयुष्य वाढवत नाही म्हणून आपण ती बंद करतो का? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी मानसोपचाराचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड सकारात्मक विचारांच्या या सक्तीला जुलूमच म्हणत. बरा झाला तो मनाने बरा झाला, असं एकदा म्हटलं की गेला तो कशाने गेला, याचंही उत्तर देऊन टाकलेलं असतं. त्या बाईंनी ते बरोबर ऐकलं. त्यांच्या नवऱ्याच्या रक्तातल्या पेशींनी औषधाला दाद दिली नाही. अशा पेशी खंबीर माणसातही असतात. आणि घाबरलेली माणसं बरी होतात. अण्णा बरा झाला, आणि मी त्याचा भाऊ म्हणून सांगतो, तो पहिल्या दिवसापासून आजपर्यंत घाबरलेलाच आहे.

घर आहे, देव आहे, हा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा, कारण तो खरा आहे. पहिले पैसे भावकीनेच उभे केले. आईने सिद्धेश्वराला नवस बोलला होता, आणि अण्णा वॉर्डात झोप लागली नाही की मनातल्या मनात ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणत पडायचा. जे त्याला त्यातून मिळालं ते जगातला कोणी समुपदेशक देऊ शकला नसता. पण या आजाराचे उपचार नेमकं काय तोडतात ते बघा. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या की भेटायला येणाऱ्यांना मनाई. फुलं नाहीत, प्रसाद नाही, कच्चं काही नाही. आईने बांधून दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी वॉर्डाच्या दारातून परत आली. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा नाही, आषाढीला पंढरपूर नाही, लग्न नाही, मयत नाही. सोलापूरचा माणूस ज्या ज्या गोष्टींतून बळ घेतो त्या सगळ्या चार माणसांतल्या गोष्टी आहेत आणि डॉक्टरने पहिल्यांदा बंद केलं ते चार माणसांत जाणं. घर साडेचारशे किलोमीटरवर. मग ‘घर आहे की’ हे उत्तर त्या खाटेपर्यंत पोहोचतं कसं? आणि घर म्हणजे तरी कोण? वहिनी धर्मशाळेत सतरंजीवर, दोन पोरं माझ्याकडे, आई रात्रभर फोनकडे बघत. घर हा न आटणारा आड नाही. त्यालाही कोणीतरी पाणी घालावं लागतं.

समुपदेशक आपल्या लोकांपर्यंत पोहोचत नाहीत, ही तक्रारही खोटी नाही. वळलेल्या विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला ‘तुम्हाला अँग्झायटी जाणवते का’ असं विचारलं तर ती नाहीच म्हणेल. तिला विचारावं लागतं, जीव घाबरतो का, छातीत धडधडतं का, आणि तेही तेलुगूत. अक्कलकोटकडच्या माणसाला कन्नडमध्ये, कोणाला आपल्या दखनीत. पण ही तक्रार त्या कामाच्या विरोधात जात नाही. कोणाला नेमायचं, हे ती सांगते.

घराचा एक जुना आधार म्हणजे लपवणं. ‘त्याला सांगू नका, खचेल.’ हे मायेपोटी होतं, मला त्यात दोष दिसत नाही. काही माणसांना खरोखरच जाणून घ्यायचं नसतं आणि त्यांचा तो हक्क आहे. पण न विचारता आपण ठरवतो. त्या बाईंच्या घरी नवऱ्याला ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ एवढंच सांगितलं होतं. दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं का? शेजारच्या खाटांवर केस गेलेली माणसं दिसत नव्हती का? त्याला माहीत होतं. बायकोला माहीत होतं. दोघं एकमेकांसाठी माहीत नसल्याचं सोंग वठवत राहिले, म्हणजे ज्या एका माणसाजवळ रडता आलं असतं त्याच्याजवळही रडता आलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने तिला विचारलं, “मला काय झालंय ते तुला ठाऊक आहे का?” तिने नाही म्हणून सांगितलं. नवरा गेल्याचं दुःख ती बोलून दाखवते. हे ‘नाही’ तिने मला एकदाच, विड्यांची जुडी बांधता बांधता सांगितलं, आणि नंतर बराच वेळ दोरा तिच्या बोटाला नुसताच गुंडाळलेला राहिला.

राहिला पैशाचा मुद्दा. आज हातात हजार रुपये असतील आणि औषध किंवा समुपदेशन यांतलं एकच घेता येत असेल, तर औषध घ्या. मीही तेच करीन. पण हा पर्याय खऱ्या जगात असा समोर येतो का? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळू वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध बाजारात आलं आणि वर्षं मोजायला लावणारा आजार रोजच्या गोळीवर आला. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जात होती, भारतीय कंपन्यांची तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीत मिळत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला, म्हणजे त्या मूळ कंपनीला, पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. तेव्हा आपण म्हणालो, औषध ही चैन नाही. पण गोळी स्वस्त झाली म्हणजे पोटात गेली असं नाही. लंडनमध्ये २०१० साली दिसून आलं, की ठरवून दिलेल्या गोळ्यांपैकी ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत औषधाचा गुण फारच कमी येतो. माणूस गोळी का चुकवतो? मळमळतं, डोळ्यांखाली सूज येते, बरं वाटायला लागलंय, रोज सकाळी ती गोळी आजाराची आठवण करून देते. यातलं कुठलं कारण औषधाच्या दुकानात सुटतं? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात पैशाची, राहण्याची, समजावून सांगण्याची सोय एकत्र केल्यावर उपचार अर्ध्यावर सोडून जाणारी कुटुंबं खूप कमी झाली. बॉस्टनमध्ये मगज प्रत्यारोपणाच्या १६० रुग्णांवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणाच्या मुक्कामातच त्रास हलका करणाऱ्या डॉक्टर-नर्सची जोड ज्यांना मिळाली, त्यांच्यात सहा महिन्यांनंतरही उदासी आणि आघाताची लक्षणं कमी होती. मनाकडे बघणं हे औषधातून वजा होणारं काम नाही. ते नसेल तर औषधावर घातलेला पैसाच अर्धा वाया जातो.

माणसं कुठून आणायची, असं विचारणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यात बघावं. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यात कोणी कॅन्सरची नोंद घेऊन तालुक्याला येणार नव्हतं, म्हणून नोंदणीची माणसंच गावोगाव गेली. पारावर बसली, बायकांशी बोलली, अंगावरून रक्त गेलं तर लपवू नका, असं सांगितलं. नुसत्या या बोलण्याने, पुढे १९९५ साली प्रसिद्ध झालं त्याप्रमाणे, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. घरी जाऊन नीट बोलणारं माणूस, बस्स. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि तीव्र उदासीच्या रुग्णांना त्यांच्या बोलण्याने गुण आला, हे २०१७ मध्ये चाचणीअंती दाखवलं. आपल्याकडे आशाताई आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि बरे झालेले पण अजून नडग्या बघणारे रुग्ण आहेत, ज्यांना पहिली रात्र कशी असते हे कोणी शिकवायला नको.

गाडगेबाबांनी पंढरपूरला, आळंदीला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या तेव्हा देवळं सोडून धर्मशाळा कशाला, असं म्हणणारे असतीलच. वारकऱ्याला भक्ती शिकवायची गरज नाही, रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. वहिनी सांगते, तिथे पहिल्या रात्री शेजारच्या सतरंजीवरच्या नाशिककडच्या बाईने तिला विचारलं, “तुमचा कितवा दिवस?” आणि स्वतःच सांगितलं, की चौदाव्या दिवसाच्या आसपास ताप येतो, घाबरायचं नाही, पण थांबायचंही नाही, लगेच न्यायचं. तिला आठवडाभरात मिळालेला तो पहिला धीर. त्यात ‘खंबीर राहा’ हे शब्द नव्हते.

मग सोलापुरात काय करायचं? मी डॉक्टर नाही, पण चार वर्षं या दारांतून त्या दारांत फिरून एवढं कळलंय. निदान काउंटरवर हातात पडता कामा नये. दार लावून, खुर्चीवर बसवून, रुग्णाच्या भाषेत सांगावं आणि किती जाणून घ्यायचंय हे आधी त्यालाच विचारावं. प्रत्येक खेपेला रक्तदाब बघतात तसा एक प्रश्न विचारावा: शून्य ते दहामध्ये आज मनाला किती त्रास आहे? परदेशात ही पद्धत रुळलेली आहे, चार किंवा वर असेल तर पुढे चौकशी करतात. त्याला यंत्र लागत नाही. रात्री दोनला ताप चढला तर उचलला जाईल असा एक नंबर हवा, कारण पेशी खाली असताना तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं आणि निम्मी भीती ‘कोणाला विचारू’ हीच असते. नुसतं बोलायला तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत आहे. तो किती वॉर्डांच्या भिंतीवर लिहिलेला दिसतो? रुग्णासोबत आलेल्या बाईलाही तोच शून्य ते दहाचा प्रश्न विचारावा. आणि औषधं संपली त्या दिवशी फाइल बंद करू नये. अण्णाची सगळ्यात वाईट रात्र कुठली होती माहीत आहे? केमोची नव्हे. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी या, गोळ्या बंद. त्या रात्री तो झोपला नाही. दोन-अडीच वर्षं रोज काहीतरी चालू होतं, आता पहारा उठला होता.

सत्काराच्या दिवशी सगळे पांगल्यावर मी स्कूटर काढायला गेलो. परत आलो तर अण्णा फाटकाशी त्या बाईंजवळ उभा होता, टॉवेल-टोपी काखेत. त्यांनी मला विचारलेलं त्यालाही विचारलं असावं. जे व्यासपीठावर, आमच्या घरात, डॉक्टरलाही त्याने आपणहून कधी सांगितलं नव्हतं, ते तो त्यांना सांगत होता: “मी अजून रोज पहाटे उठून नडग्या बघतो.”

“आमचे पण बघायचे,” त्या म्हणाल्या. “मी दिवा धरायची.”